मान हलवणारा

माझ्या वडिलांची मेंढरे एका शनिवारी दुपारी कापली गेली. ती खरी नव्हती, हे मला तेव्हापासून ज्याने त्याने समजावून सांगितले आहे आणि त्या प्रत्येकाशी मी भांडलो आहे. मेंढरे खरी होती की खोटी, हे मला विचारू नये. अन्याय झाला की नाही, एवढेच विचारावे.

वडिलांचे नाव मुंजाबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागे चालण्यात घालवला आणि एके वर्षी सगळा कळप विकून ते शहरात, गारखेड्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येऊन खिडकीपाशी बसले. चालणे थांबले तसे गुडघेही धरले. कळप का विकला, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मला ते ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. तरी ज्या गावात ते घडले त्याचे नाव घरात निघत नसे.

माझी मुलगी प्रांजली घरी बसून एका कंपनीचे संगणकावरचे काम करते. तिने डोळ्यांवर बांधायचा हेडसेट आणला. त्यात एक गेम होता. अफाट, कल्पित असे एक राज्य. खेळणाऱ्याने त्यात वाटेल तिकडे जावे, योद्धा व्हावे, जादूगार व्हावे, राक्षसांशी लढावे. मान वळवावी तिकडे ते राज्य पसरलेले दिसते आणि हातात धरायच्या दोन यांत्रिक मुठी हलवल्या की तिथले हात हलतात. गंमत म्हणून तिने तो हेडसेट आजोबांच्या डोळ्यांवर चढवला. समोर डोंगर होता, डोंगरावर किल्ला जळत होता, आकाशात ड्रॅगन घिरट्या घालत होता. आबांनी खाली पाहिले आणि विचारले,

"हा चारा कुणाचा?"

"कुणाचाच नाही, आबा! तिकडं वर बघा ना, ड्रॅगन आलाय!"

"त्याला काय बघायचं? कंबरंएवढं गवत हाय आन् एक जनावर नाय. येडी हायती का इथली लोकं?"

प्रांजलीने आपली मंतरलेली तलवार तिथल्या बाजारात विकली आणि आजोबांना मेंढरे घेऊन दिली.

मला हे मुळीच रुचले नाही. ज्याला चालता येत नाही त्याला चालल्याचा भास पुरवणे, ही मला फसवणूक वाटली आणि जेवताना मी तसे बोललोही.

"तुला कोन दाखवतंय?" आबा म्हणाले. "तू तुझे कोर्टाचे कागद बघ."

मी न्यायालयात कागदपत्रांचे भाषांतर करतो. ते पाहू लागलो. पण हॉलमधल्या टीव्हीवर आबांना दिसणारे सारे आम्हालाही दिसत असे आणि माझी नजर तिकडे जाई. खुर्चीत बसलेला हा म्हातारा जिभेने टकटक करीत होता, शीळ घालीत होता, एका बोडक्या मेंढीला तिच्या आईवरून शिव्या देत होता. खिडकीपाशी बसणारा मनुष्य हा नव्हे, हे मला कबूल करावे लागले. राग माझा तसाच राहिला; मात्र मी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगणे सोडून दिले.

त्या शनिवारी प्रांजली बाहेर गेली होती. आबांची मेंढरे एका खेड्याच्या शिवारात उतरली. पीक काढून झालेले वावर होते, धसकटे उभी होती आणि बांधावर एक शेतकरी हात कमरेवर ठेवून उभा होता.

इथे एक रीत सांगितली पाहिजे. सुगी झाली की आमच्याकडचे मेंढपाळ मोकळ्या वावरात रात्री कळप बसवतात. लेंड्यांचे आणि मुताचे खत जमिनीला मिळते, त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. याला कागद नसतो. मेंढपाळाने बांधावर उभे राहून एकदा विचारायचे आणि शेतकऱ्याने मान हलवायची. मान हलली की शब्द झाला.

आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. "रामराम, पाटील. सुगी झालीया. बसवू का?"

शेतकऱ्याने मान हलवली.

"बघ," आबा मला म्हणाले, "मानूस चांगला हाय." आणि त्यांनी कळप वावरात घातला.

टीव्हीवर लाल अक्षरे उमटली. इंग्रजीत होती. आबांना मराठीही अडखळतच वाचता येते. तुम्ही गुन्हा केला आहे, असे त्या अक्षरांचे म्हणणे होते. मी "आबा, थांबा!" म्हणेपर्यंत घोडेस्वार आले. त्यांनी काही विचारले नाही. तलवारी उपसल्या आणि मेंढरांत शिरले. पहिली बोडकी पडली.

आबा उठले. काठीला हात न लावता खुर्चीतून सरळ उभे राहिले आणि हातातली मूठ काठीसारखी फिरवू लागले. शोकेसची काच खळ्ळकन फुटली. "अरे, मान हलवली ना त्यानं! इचारा त्याला! पाटील, सांगा की ह्यांना!" पाटील बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता. शेवटचे कोकरू पडले तेव्हाही तो तसाच उभा होता.

आमच्या न्यायालयात खुनी माणसाला सुद्धा त्याच्यावरचा आरोप त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा लागतो. त्याला विचारावे लागते, गुन्हा कबूल आहे काय? माझे पोट या नियमावर चालते. आणि इथे एका मनुष्याला न कळणाऱ्या भाषेत दोन ओळी लिहून, त्या वाचायलाही उसंत न देता, त्याचे सर्वस्व कापून टाकले होते. ज्यांनी डोंगरावरचे पान न् पान रंगवले, त्यांना मोकळ्या वावरात बसलेला कळप म्हणजे चोरीच वाटावी? मी काच गोळा करीत होतो आणि त्या राज्याच्या कायद्याला मोठमोठ्याने नावे ठेवीत होतो.

प्रांजली आली तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "आबा, सकाळचा खेळ सेव्ह आहे. तिथून परत सुरू करू. सगळी जिवंत होतील."

"चूप बस!" मी तिच्यावर ओरडलो. "ती मेली आहेत."

"पप्पा, ती मेंढरं नाहीयेत!"

"मग काय आहेत? दुपारी मेली ती काय होती?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

आबा वळले. "आन् तो?"

"कोण तो?"

"मान हलवणारा. तो बी हाय का?"

"तो तर कायमच असतो तिथं."

आबांनी हेडसेट मागून घेतला. बोडकी चरत होती, कोकरे उड्या मारीत होती. आबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, त्यांना डोंगरावर तसेच सोडले आणि एकटे त्या वावराच्या बांधावर गेले.

"का रं? व्हय म्हनून मारायला लावलं?"

शेतकऱ्याने मान हलवली.

"लाज वाटती का?"

त्याने मान हलवली.

आबांनी त्याला अशी एक शिवी दिली की प्रांजलीने ओठ दाबून हसू आवरले. शेतकऱ्याने त्या शिवीलाही मान हलवली.

"आबा, तो सगळ्यांनाच मान हलवतो. समोर कुणीही उभं राहिलं की हलवतो. त्याला दुसरं काही येतच नाही."

"त्याचं बी तसंच व्हतं," आबा म्हणाले. त्यांनी हेडसेट काढून तिच्या मांडीवर ठेवला. "बिभीषण, गाडी काढ."

"कुठं?"

"देवगावला."

देवगाव रंगारीच्या बन्सी पाटलांच्या वावरात आबांचा कळप दर सुगीला बसत असे. त्या शेवटच्या वर्षीही आबांनी दारात उभे राहून विचारले होते, बन्सीने मान हलवली होती, आणि सकाळी बन्सीच्याच घरची माणसे काठ्या घेऊन आली होती. मेंढ्यांचे पाय मोडले. उरलेल्या कोंडवाड्यात घातल्या. आबा तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. जो मनुष्य कोल्ह्याला पाहून शिवार डोक्यावर घेई, तो गप्प बसला आणि येत्या बाजारी कळप विकून मोकळा झाला. आता देवगावच्या वाटेवर दौलताबाद मागे पडले. गाडीत मीच बोलत होतो. काय मागायचे, कोणत्या कलमाने मागायचे, हे मी मुद्देसूद मांडत होतो.

"तू गाडीतच बस," ते उतरताना म्हणाले. मी अर्थातच बसलो नाही.

बन्सी ओसरीवर होता. तोही वाळला होता. आबांना पाहून तो खाटेवरून अर्धवट उठला. "मुंजाबा? ये, ये. चतुरा, पानी आन."

त्याच्या बायकोने, चतुराबाईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आबा अंगणातच उभे राहिले.

"बन्सी, त्या साली मी तुझ्या दारात येऊन इचारलं व्हतं."

बन्सीने मान हलवली.

"सकाळी मान्सं पाठवलीस."

मान हलली.

"माझ्या जनावराचं पाय मोडलं!"

"व्हय बाबा, व्हय..." बन्सी मान हलवीतच म्हणाला.

"मान हलवू नको!" आबा एवढ्या जोराने ओरडले की गल्लीतली माणसे थांबली. "मान हलवू नको माझ्याम्होरं! तोंड दिलंय ना देवानं? बोल!"

"काय बोलू?"

"बसू द्यायचं व्हतं का नव्हतं?"

बन्सी खाटेची दोरी चाचपत राहिला. मग त्याचाही आवाज चढला. "नव्हतं! पोरांनी अद्रक लावायला ठिबकच्या नळ्या अंथरल्या व्हत्या. सारं वावर नळ्यांनी भरलेलं. नव्हतं बसू द्यायचं! तू दारात आलास, इतक्या वर्साचा मानूस. कसं नाय म्हनू? हलली मान."

"आन् काठ्या?"

"पोरांनी इचारलं, ह्याला कुनी सांगितलं? मी म्हनलं, मला ठावं नाय."

मी पुढे झालो. हा सरळसरळ कबुलीजबाब होता आणि माझी वाक्ये तयार होती. आबांनी काठी आडवी धरून मला थांबवले.

"मंग नाय म्हनायचं व्हतंस," ते म्हणाले. आवाज खाली आला होता, राग नव्हे. "येवढंच. नाय म्हनला असतास तर बांधावरनं म्होरं गेलो असतो. दुसरी वावरं काय थोडी व्हती? तुझ्या एका नायसाठी माझी मेंढरं गेली."

बन्सीची मान हलू लागली आणि मध्येच थांबली.

"बस, पानी तरी पी," तो म्हणाला. "पितोस ना?"

"नाय," आबा म्हणाले. मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाले, आणि गाडीकडे वळले.