डाव्या चाकाजवळची टकटक

मित्रांनो, आधीच सांगतो, मी दिसायला काही देखणा नाही. मी एक जुना रबरी बुश आहे. काळा, मुठीत मावेन एवढा, मध्ये भोक असलेला. एका छोट्या गाडीच्या पोटाखाली, पुढच्या डाव्या चाकाजवळ माझं आयुष्य गेलं.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे गाल कसे गुबगुबीत होते! पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकडा लोखंडी दांडा असतो. वळणावर गाडी एका अंगाला कलू नये म्हणून तो झटतो. त्याला मिठी मारून बसायचं आणि लोखंडावर लोखंड आपटू द्यायचं नाही, हे माझं काम. ते नीट केलं तर कोणाला कळतही नाही, म्हणून माझं कौतुक कधी झालं नाही. आरशाला लटकवलेल्या बाहुलीचं मात्र येणारा-जाणारा करायचा. असो.

गाडी आजोबांची. रोज सकाळी ते आजींना तळ्याकाठी न्यायचे. आजींचे गुडघे दुखरे आणि तळं लांब. गाडी होती म्हणून तळं होतं.

चिखल, खडी आणि ऊन खाऊन पुढे माझे गाल बसले. मिठी सैल पडली, दांडा हलू लागला आणि मला वाचा फुटली. पण बुशाला शब्द एकच येतो. टक!

"अहो, खालून काहीतरी टकटक वाजतंय," आजी म्हणाल्या.

"दार नीट लावलं नसशील," आजोबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. हल्ली माणसंच हळू बोलतात, असं त्यांचं मत होतं.

आजींनी डिकी रिकामी केली. दांडी मोडलेली छत्री निघाली, एकटी चप्पल निघाली, आणि ज्याच्यावरून शेजारणीशी अबोला धरला होता तो स्टीलचा डबाही निघाला. शेजारणीशी बोलणं सुरू झालं. माझं बंद झालं नाही.

मग मुलाने गाडी चालवून पाहिली. आधी त्याने रेडिओ मोठा केला. मी त्याहून मोठ्याने ओरडलो. घरी येऊन तो म्हणाला, "बाबा, एवढा आवाज येतोय आणि तुम्हाला पत्ताच नाही. रस्त्यावर कोणी हॉर्न दिला तरी कळायचं नाही. रविवारपर्यंत आवाज सापडला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकू."

हे मात्र आजोबांना स्पष्ट ऐकू आलं. त्या संध्याकाळी त्यांनी आधीच स्वच्छ असलेली काच उगाच पुसली.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेट मधोमध दाबून गाडी वर-खाली केली आणि निकाल दिला, "शॉकअप गेले! बदलले की गाडी लोण्यावरून जाईल."

माझे शेजारी, खड्ड्यांचे धक्के झेलणारे शॉकअप, बिचारे धडधाकट होते. चोर सोडून संन्याशाला फाशी! नवे शॉकअप घालून गाडी घरी आली आणि फाटकातच... टक!

"लोण्यात खडा राहिला वाटतं," आजी म्हणाल्या.

शनिवारी सगळे पुन्हा गॅरेजमध्ये. मेकॅनिकने पुन्हा बॉनेट दाबलं. मी गप्प. इच्छा असून गप्प!

"आजी, गाडी एकदम ओके. आवाज तुमच्या मनात बसलाय."

"मनात बसलाय तर फाटकातच का वाजतो रे?"

आजोबा आजींच्या ओठांकडे बघत होते. ते एकदम म्हणाले, "फाटकातल्या गटाराच्या झाकणावर डावं चाक एकटंच चढतं. आणि हा तर दोन्ही बाजू एकदम दाबतोय! नुसती डावी दाब. मी खाली उतरतो."

"बाबा, तुम्ही खाली जाऊन काय ऐकणार?"

आजोबांनी बाह्या वर सरकवल्या. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "म्हणून हात लावून बघतो."

गाडीखालच्या कामाच्या खड्ड्यात ते पायऱ्या धरून उतरले. वरून डावी बाजू हलू लागली. त्यांचा तळवा एकेका भागावर टेकत टेकत माझ्यावर आला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं. टक!

"हा बघ! इथं हाताला दणका बसतोय!"

मेकॅनिकने मला दांड्यावर आवळून धरणारी पट्टी सोडवली आणि मला बोटात धरून तो कानापर्यंत लाल झाला. "एवढुसा हा? आणि मी शॉकअप बदलत बसलो!"

"ह्यांनी माझ्याआधी आवाज पकडला," आजी म्हणाल्या. "आता जगात काहीही होऊ शकतं."

दोन्ही बाजूंना नवे बुश बसले. फाटकातून गाडी मांजरीसारखी आत गेली. मुलाने किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. "आधी कानाचे डॉक्टर."

"कबूल," आजोबा म्हणाले.

आता त्यांच्या कानात यंत्र आहे. आजी घोरतात हे त्यांना नव्याने कळलं आहे. आजींना ते मान्य नाही.

मित्रांनो, कुरकुरणाऱ्यावर रेडिओ मोठा करू नका. तो बहुधा मदत मागत असतो, फक्त त्याला एकच शब्द येत असतो. जवळ जा, हात लावून बघा.

आणि मी? स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं. आजोबांनी मला त्याच्या पायाखाली सरकवलं. मग टेबलावर तळवा टेकवून ते म्हणाले, "शाब्बास!"

टेबलाला वाटलं, त्यालाच म्हणाले. वाटू दे बिचाऱ्याला.