महाराजांनी काढलेली गाठ

गोदामाबाहेर सकाळपासून बायकांची रांग लागली होती. आत टेबलावर चादर अंथरलेली आणि मागे बाह्या सरसावून उभे ‘गाठवाले महाराज’. चाकू नाही, टाका नाही, व्रण नाही; नुसत्या बोटांनी ते छातीतली गाठ उपसून काढतात, अशी त्यांची ख्याती.

मी गेले होते ती वहिनीला परत आणायला. आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली होती. सोनोग्राफीतही दिसली. डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढून तपासूया म्हटलं, तेव्हापासून वहिनीने दवाखान्याचं नाव टाकलं होतं.

“शेजारच्या मास्तरीणबाईंची गाठ महाराजांनी घालवली,” ती म्हणाली. “मग मी कशाला सुया टोचून घेऊ?”

महाराजांचं तोंड चालूच होतं. “डॉक्टर सावली बघतो, मी मूळ बघतो. गाठ म्हणजे गिळलेला राग, ताई. सासूवरचा, नवऱ्यावरचा. राग सोडा, गाठ सुटते.”

बायका माना डोलावत होत्या. सासूवर राग नसलेली त्यांच्यात एक तरी होती का, कोण जाणे.

वहिनी टेबलावर आडवी झाली. महाराजांनी सगळ्यांदेखत तिची छाती मळली. शेजारी उभ्या चेल्याने त्यांच्या हातात कापसाचा बोळा दिला, लाल पाणी ओघळलं आणि महाराजांच्या चिमटीत एक लिबलिबीत तुकडा आला. वहिनी सुटल्यासारखी रडली.

तुकडा बादलीत टाकत महाराज म्हणाले, “कुणी शिवू नका. राग चिकटतो.”

सगळ्या मागे सरकल्या. मी तो रुमालात उचलला आणि चेला ओरडेपर्यंत बाहेर पडले.

डॉक्टरीणबाईंनी तो तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा वहिनीला आणि मास्तरीणबाईंना मी जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं.

“कोंबडीचं काळीज आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बोळ्यात रंगाच्या पिशवीसकट लपवलेलं असणार.”

“मग माझी गाठ कशी गेली?” मास्तरीणबाईंनी आपला जुना रिपोर्ट पुढे केला.

“ही पाण्याची गाठ होती. सोनोग्राफीत काळी, गोल, कडा नितळ. अशी गाठ पाळीच्या आगेमागे फुगते, कधी आपोआप ओसरते. तुमची ओसरली, नाव त्याचं झालं. छातीतली प्रत्येक गाठ काही कर्करोग नसते. तरुण मुलींना गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी गाठ होते. अंगावर पाजणारीला दूध साचून किंवा पू होऊन होते. मार लागून चरबीही घट्ट होते. बहुतेक गाठी निरुपद्रवीच.” मग त्यांनी वहिनीची पुन्हा सोनोग्राफी केली आणि पडदा तिच्याकडे वळवला. “तुमची मात्र जागच्या जागी आहे. भरीव, कडा वेड्यावाकड्या. ती कसली, हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. म्हणून सुई.”

वहिनीने पडद्यावरच्या गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “घ्या तुकडा.”

कर्करोग निघाला. लहान होता, वेळेत सापडला. ऑपरेशन झालं, औषधं सुरू आहेत.

मास्तरीणबाई त्या दिवशी दवाखान्यातून घरी जाताना एवढंच म्हणाल्या, “रांगेतल्या निम्म्या जणींना मीच पाठवलंय.” पोलिसांत तक्रार त्यांनीच दिली. पण तोवर गोदामाला कुलूप लागलं होतं. रांगेत आमच्या पुढे एक बाई होती, तिची गाठ फुटून चिघळली होती, छातीवरच्या पट्टीला घाण वास येत होता. तिलाही त्याने ‘गाठ गेली’ म्हणून घरी पाठवलं होतं. ती कुठली, कुणालाच माहीत नाही, त्यामुळे तिला दवाखान्यात नेता आलं नाही.

तो माणूस आज दुसऱ्या कुठल्या तरी गावात बाह्या सरसावून उभा असेल. म्हणून सांगते, छातीत हाताला गाठ लागली तर घाबरू नका आणि लपवूही नका. डॉक्टरकडे जा, तपासून घ्या. गाठ कसली आहे ते तपासणीतच कळतं.