बारदानासकट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. घड्याळासारखी गोल तबकडी, वर टांगायला कडी आणि खाली पोतं अडकवायला आकडा. म्हणजे माझ्या तोंडावरही आकडे आणि पायाशीही आकडा. असं भाग्य दुसऱ्या कुणाचं असेल तर सांगा!

माझी उमेदीची वर्षं राहात्यात गेली. रुपालीच्या वडिलांच्या बागेत मी पंधरा वर्षं पेरूंचे क्रेट उचलले. दर वर्षी वजनमाप खात्याचे साहेब मला तपासून शिक्का मारत आणि मी ताठ मानेनं घरी येई. पुढे बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी गोठ्यातल्या खिळ्यावर झाली. दोन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटे.

मग शेतीच्या कॉलेजात शिकणाऱ्या रुपालीला माझी आठवण झाली. तिचं संशोधन बाजरीवर होतं. बाजारातलं नवं वाण जास्त पिकतं, की तिसगावच्या बनुबाईंनी तीस वर्षं राखलेलं गावठी, हे तिला पाहायचं होतं. बनुबाईंच्याच रानात तिनं एकेका गुंठ्याचे बारा तुकडे पाडले, सहा नव्याचे आणि सहा गावठीचे. मळणी झाल्यावर मला लिंबाच्या फांदीला टांगलं. दाण्यांची मिसळ होऊ नये म्हणून नवी बाजरी तागाच्या पोत्यांत भरली आणि गावठी युरियाच्या रिकाम्या पोत्यांत. नवीचं सरासरी वजन भरलं अठरा किलो चारशे, गावठीचं सतरा किलो नऊशे. नवी जिंकली.

रुपालीनं आपला लेख अशा मासिकात दिला, की जे मोबाईलवर कुणालाही फुकट वाचता येतं. सोबत मराठीत सारांश, बाराही वजनं आणि पोत्यांचे फोटो जोडले. प्रत्येक फोटोत मी होतो! मी तर फुगूनच गेलो.

तिसगावात मात्र नवी जिंकल्याची बातमी पसरली आणि बनुबाईंच्या दारी शुकशुकाट झाला, हे मला मागाहून कळलं. दर वर्षी त्यांच्याकडून बियाणं नेणारे लोक मृग तोंडावर आला तरी फिरकेनात. "मी हाय तवर पेरीन," त्या सुनेला म्हणाल्या, "पर दुसऱ्या कुनी पेरलं न्हाई, तर ह्ये वाण माझ्यासंगंच जायचं."

सुनेनं, म्हणजे जयानं, एका दुपारी तो लेख मोबाईलवर उघडून त्यांना वाचून दाखवला. बनुबाईंनी फोटोवर बोट ठेवलं.

"जया, ह्ये पोतं तागाचं हाय आन् आपलं युरियाचं. बारदान कापलंय का?"

"तसं कुठं लिवलेलं न्हाई, आत्याबाई."

"आगं, बाजारात आडत्या न चुकता पोत्याचं वजन कापून घेतो. हितं कुनी कापलं?"

जयानं लगेच रुपालीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी रुपाली मला घेऊन तिसगावात हजर झाली. तागाचं रिकामं पोतं मला अडकवलं, एक किलो भरलं. युरियाचं अडकवलं, शंभर ग्रॅम. वजाबाकी झाली. नवी बाजरी सतरा किलो चारशे आणि गावठी सतरा किलो आठशे! रुपालीनं पुन्हा एकदा वजाबाकी करून पाहिली. तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोललो नव्हतो हो. पण दाणे किती आणि ताग किती, हे मला कुठून कळणार? जे अडकवलं ते मी बारदानासकट सांगितलं.

तिच्याबरोबर आलेला वर्गमित्र कल्याण म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. छापून आलंय, मार्कही मिळालेत. आता कोण बघतंय?"

"मावशींनी बघितलंच की," रुपाली म्हणाली. "मूठ उघडी होती म्हणून."

तिथंच ओसरीवर बसून तिनं दुरुस्ती लिहिली. जुने आकडे खोडले नाहीत, त्यांच्या शेजारी नवे मांडले. आठवड्याभरात लेखाच्या माथ्यावर छापून आलं: 'पोत्यांचं वजन वजा करायचं माझ्याकडून राहिलं. चूक दाखवली: बनुबाई, शेतकरी, तिसगाव.'

जयानं ते पारावर मोठ्यानं वाचलं आणि चित्रच पालटलं. जी पोरगी स्वतःची चूक छापते तिच्या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, असं लोक म्हणू लागले. मृगाच्या आत बनुबाईंची कणगी रिकामी झाली. चाळीस रानांत गावठी बाजरी पेरली गेली. कणगी रिकामी झाली त्या दिवशी बनुबाईंनी माझ्या तबकडीला हळदीकुंकू लावलं. इतका मान मला पेरूच्या बागेतही मिळाला नव्हता. रुपालीनं मला तिथंच ठेवून घ्यायला सांगितलं.

"ह्ये कुनालाबी दिसतं का गं?" बनुबाईंनी तिला विचारलं.

"कुणालाही, मावशी."

"मग माझ्या नावाखाली फोन नंबर टाक. आजून काय चुकलं आसंल तर लोक सांगत्याल."

मित्रांनो, काट्याला तेल द्यावं, त्याला गंजू देऊ नये, हे तर मी मागणारच. पण माझ्या तोंडून निघालेला आकडा कपाटात कोंडू नका. तो चारचौघांच्या नजरेखालून जाऊ द्या. चूक असेल तर सापडेल, नसेल तर मान आणखी ताठ होईल.

परवाच मिरजगावहून अंगद नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. "बाई, तुमच्या आकड्यात मला एक शंका हाय," तो चाचरत म्हणाला.

बनुबाई अशा खुलल्या, जणू लेकच माहेरी आली. "इचारा की भाऊ, खुशाल इचारा!" त्या म्हणाल्या आणि आत वळून ओरडल्या, "जया, काटा काढ!"