जोडलेला जबाब

तिने हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि काचेवर तळहात मारला. पलीकडच्या खोलीतल्या रेकॉर्डिस्टने मान वर केली.

"हे कोण बोललं?"

माइक चालूच होता. तिचा प्रश्न पलीकडच्या स्पीकरमधून असा काही घुमला की मागच्या सोफ्यावर बसलेली तिची आई दचकली. बारा वाजता आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते, म्हणून ती तिला सोबतच घेऊन आली होती. तासाभराचे तर काम होते. काही सुस्कारे, दोन-तीन खोकले आणि राहिलेल्या तीस-एक ओळी.

"तुम्हीच, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "सूर जुळावा म्हणून मागचं ऐकवत होतो. शेजारची फाइल लागली चुकून."

"परत लावा."

त्याने शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाकडे पाहिले.

"त्याच्याकडे काय बघता? आवाज माझा आहे. लावा."

ती दार ढकलून बाहेर आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. स्पीकरवर इन्स्पेक्टरचा संथ, सभ्य आवाज आला.

"चावी तुमच्याकडे असायची?"

"हो."

"त्या दुपारी घरात दुसरं कुणी होतं?"

"नाही. कुणीच नव्हतं."

"मग बाईंना तुम्हीच मारलंत."

मग तिचाच आवाज, थकलेला, कोरडा.

"हो. माझंच चुकलं."

टीव्हीवरच्या एका मालिकेत ती मोलकरीण होती. मालकिणीचा खून होतो, संशय मोलकरणीवर येतो. सहा आठवडे इन्स्पेक्टर विचारत राहिला आणि ती 'नाही' म्हणत राहिली. शेवटी खुनी निघाला मालकिणीचा भाचा. मालिका संपून तीन वर्षे झाली तरी लोक तिला रस्त्यात 'मावशी' म्हणून हाक मारत. आता त्या मालिकेचा गेम निघत होता. त्यात ना धावाधाव, ना गोळीबार, सगळे बोलण्यावर. खेळणारा स्वतःच इन्स्पेक्टर. पडद्यावर चार प्रश्न येणार, त्याने एक निवडायचा, मिळालेल्या उत्तरावरून पुढचा. त्यासाठी तिने आठवडाभर नऊशेवर ओळी बोलून दिल्या होत्या, आगापिछा नसलेल्या. नुसते 'हो'च अकरा तऱ्हांचे. घाबरलेला, चिडलेला, रडवेला.

आणि पहिल्याच दिवशी, पाण्याचा घोटही घेण्याआधी, तिने सांगून ठेवले होते की कबुली मी बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तसं, मावशी, असे हा दिग्दर्शक म्हणाला होता.

"मी कबुली बोलले नाही," ती म्हणाली.

"नाहीच बोललात," दिग्दर्शक म्हणाला. तो तिच्या मुलाच्या वयाचा होता, गुळगुळीत बोलणारा. "तुम्हाला बोलायला लावायचं नाही, असंच ठरलं होतं ना? आम्ही असलेल्या ओळी जोडल्या."

"'माझंच चुकलं' हे मी दूध उतू गेलं त्यावर म्हटलंय."

"असेल."

"आणि हा 'हो'! हा शेवटचा 'हो' कुठला आहे, ठाऊक आहे तुला? पाणी हवंय का, असं इन्स्पेक्टर विचारतो, त्याचा आहे. तहानेचा आहे तो! मी त्या दिवशी सकाळपासून पाणी न पिता बोलले होते, नीट यावा म्हणून."

"म्हणूनच तर इतका छान बसलाय," दिग्दर्शक मनापासून म्हणाला.

तिचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला. रेकॉर्डिस्टने खुर्ची जराशी पुढे सरकवली.

"मावशी, खेळणाऱ्याला निवड पाहिजे. दर वेळी भाचाच खुनी निघाला तर दुसऱ्यांदा कोण खेळेल? आपल्याकडे तीन शेवट आहेत. भाचा, मालकिणीचा डॉक्टर आणि तुम्ही."

"निवड त्याची आणि जीभ माझी? उद्या मालकिणीच्या कुत्र्यालाही खुनी करशील."

"कुत्र्याला संवाद नाहीयेत."

रेकॉर्डिस्टला हसू आले, ते त्याने खोकून गिळले. तिला मात्र कानशिले तापल्याचे जाणवले.

"हसण्यावारी नेऊ नकोस. शब्द दिला होतास तू मला."

"पात्र आहे हो ते! कागदावरचं."

"जबाबसुद्धा कागदावरचाच असतो!" ती ओरडली. "ही बघ, ही माझी आई बसलीय. सतरा वर्षं एका घरी भांडी घासली हिने. एक दिवस त्यांच्या बांगड्या दिसेनात. हिला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. अकरा दिवस! नंतर बांगड्या कुठे सापडल्या? मालकिणीच्याच पेटीच्या अस्तरात. पण या बाईने कबूल केलं नाही. मी नऊ वर्षांची होते. गल्लीतली पोरं मागे लागायची, चोराची पोर, चोराची पोर. मी तिथं उभी राहून सांगायचे, माझी आई कबूल झाली नाही! त्या मालिकेतला तो 'नाही' मी कुठून आणला, वाटतं तुला? हिच्याकडून आणला. आणि तू त्याच तोंडात—"

तिने हात आईकडे केला.

"दादा," सोफ्यावरून आई रेकॉर्डिस्टला म्हणाली, "ते परत लाव रे एकदा."

"आई, तू नको ऐकूस."

"लाव."

त्याने लावले. आई जराशी पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होती. चावी. हो. दुसरं कुणी. नाही. शेवटचा 'हो' आला तशी तिने डोळे उघडले.

"असंच झालं होतं," ती म्हणाली.

"काय झालं होतं?"

"कपाट तू पुसतेस का, पोलीस म्हणाले. पुसते, म्हटलं. चावी कुठं असते माहीत आहे का? आहे. सगळं खरंच होतं. खोटं कशाला बोलू? मग त्यांनी ते वाचून दाखवलं, तर त्यात मी चोरी केली होती. मी म्हटलं, असं नाही म्हटलं मी. ते म्हणाले, तुझेच शब्द आहेत. होतेही माझेच." तिने उजवा अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळला. "अंगठा दे, मग घर दिसेल, म्हणाले. म्हणून दिला अंगठा."

ती आईकडे वळली.

"तू तर म्हणालीस, कबूल केलं नाही."

"मी कुठं म्हटलं? तू म्हणायचीस." आईच्या आवाजात तक्रार नव्हती. "घरी आले त्या दिवशी कोपऱ्यापासून तुझा आवाज ऐकू येत होता. एवढीशी पोर, नरड्याच्या शिरा फुगवून सांगत होतीस. मग मी कधी सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू. तू तर टीव्हीवरही तेच सांगायला लागलीस."

तिने खुर्चीची पाठ सोडली. पन्नास वर्षे जो राग तिने मुठीत धरून आणला होता, तो आता कुणावर धरायचा, हे तिला कळेना.

"म्हणजे बघा!" दिग्दर्शक हलक्याने म्हणाला. त्याला खरेच सुटल्यासारखे वाटले असावे. "आम्ही काही खोटं केलेलं नाही, मावशी. असंच घडतं. उलट आजींमुळे सीन खरा ठरला. मग ठेवू या ना?"

ती गर्रकन वळली. उत्तर जिभेवर तयार होते, चांगले झणझणीत, त्याची आयुष्यभराची गुर्मी उतरवणारे. पण बोलण्यासाठी तोंड उघडताना तिला दिसले की आईनेही तोंड उघडले होते, आणि तिच्याकडे बघून मिटले होते.

इतक्या वर्षांत किती वेळा मिटले असेल?

"तू बोल," ती आईला म्हणाली.

आईने आधी तिच्याकडे पाहिले, खरेच का म्हणून. मग दिग्दर्शकाकडे.

"असंच घडतं, बरोबर आहे तुझं," आई म्हणाली. "ते हो-हो राहू दे हवं तर. शेवटचं काढ. 'माझंच चुकलं', ते."

"आजी, त्याच्याशिवाय सीन संपल्यासारखा वाटत नाही."

"त्यांनाही तसंच वाटत होतं. अंगठा दिला तरी सोडेनात. म्हण, माझं चुकलं. हात जोडून म्हण, की लगेच सोडतो. शेवटचे चार दिवस तेवढ्यासाठीच ठेवलं मला." आईचा आवाज वाढला नाही, पण ती सोफ्याच्या कडेपर्यंत पुढे सरकली होती. "ते मी म्हटलं नाही. त्यांच्या बापाला म्हटलं नाही. आणि तू माझ्या लेकीच्या तोंडून म्हणवतोस?"

रेकॉर्डिस्टचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला. तो दिग्दर्शकाकडे बघत होता.

"बरं," दिग्दर्शक घड्याळाकडे पाहत म्हणाला. "बघतो. सगळं परत तपासावं लागेल. पुढच्या आठवड्यात बसून—"

"पुढच्या आठवड्यात नाही. आत्ता काढ," आई म्हणाली. "मी बसलेय."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. डोळ्यांच्या डॉक्टरचा आजचा नंबर गेला तर पुन्हा महिनाभर मिळाला नसता. तिने सोफ्यावरची पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि आईच्या शेजारी बसली.