दाराच्या मुठीतला पेला

ब्लाझेनाला मिळणार होती भट्टी. ती काचेची मूर्तिकार, गावचा काचेचा कारखाना बंद पडल्यापासून भट्टीविना. नगरपालिकेनं सांगितलं होतं: तिनं केलेलं काचेचं दार वेशीत उभं राहिलं तर कारखान्याचा मोठा हॉल गावाच्या कार्यशाळेला, नाहीतर गोदाम. प्रागहून येणाऱ्या कलावाल्यांना तिच्या कामात लोकसहभाग दिसत होता. मला माझ्या खानावळीत बसणारे प्रागवाले दिसत होते. फायद्याच्या रांगेत सगळ्यात मागे मीच.

दार माणसाएवढं, एकसंध, घराघरातल्या काचेचं. तिनं प्रत्येकाकडून आपल्याच कारखान्याची एक बरणी मागितली, दुसरं काही नाही. दोन जातींची काच एकत्र वितळते, पण निवताना सारखी आक्रसत नाही, तडकते. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हातारे मात्र ओतकारच्या आधी बरणी देईनात. हा ओतकार म्हणजे कारखान्याचा जुना पहारेकरी, सुटीच्या वेळी फाटकावर झडती घ्यायचा. कोटाखाली क्रिस्टलचा, म्हणजे बरणीहून वेगळ्या, महागड्या काचेचा पेला सापडला की नोकरी गेली. माझ्या नवऱ्याचीही अशीच गेली. अजून ओतकार दिसला की म्हातारे कोट चाचपतात.

तो आला पेला घेऊन.

"काका, बरणी सांगितली होती मी."

"बरणीचीच काच आहे ही. माझी बायको, व्लास्ता, शेवटपर्यंत ह्यातूनच पाणी प्यायली. ही काच दारात नसेल तर माझंही काही नको."

ब्लाझेनानं नखानं टिचकी मारली. क्रिस्टल असता तर गायला असता. ठप्प आवाज आला, कारण ओतकारनं पेला मुठीत आवळून धरला होता.

"काका, हात काढा की."

"थरथरतो गं पोरी. सोडला तर फुटेल."

मागून माझा नवरा बोलला, "इतकी वर्षं सांभाळलात, आता बरा फुटेल!"

कुणी हसलं नाही. ब्लाझेनानं मागच्या रांगेकडे पाहिलं. बरण्या छातीशी धरलेले सगळे म्हातारे ओतकारकडे बघत होते.

"कडेला ठेवते," ती म्हणाली.

"मधे. जिथं दाराची मूठ असते तिथं."

तिनं पेला घेतला.

दारापुरती पेटवू दिलेली हॉलमधली भट्टी हळूहळू निवत होती तेव्हा मी तिला सूप नेऊन द्यायचे. ती तिथंच जमिनीवर झोपायची, खायची नाही.

"तुला कळलं होतं ना?" मी विचारलं.

"कळलं होतं. मी नाही म्हणाले असते तर रांग उठली असती. रांग उठली की भट्टी गेली."

"आणि आता?"

"पातळ आहे पेला. कदाचित धरेल. मार्केताबाई, धरेल म्हणा ना."

मी म्हटलं, धरेल. सूप गार झालं.

साचा फोडला तेव्हा दार अख्खं होतं. हिरवट, बुडबुड्यांनी भरलेलं, आणि मुठीच्या जागी एक पांढरा डाग. वेशीत उभं केलं. म्हातारे आपापली बरणी शोधत काचेला नाक लावून उभे. पालिकेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाला. ब्लाझेना तेवढी दारापासून लांब, भिंतीला टेकून, टाळ्यांपलीकडचं काहीतरी ऐकत असल्यासारखी.

मग ते वाजलं. बारीक, गोड, लांबत गेलेलं. हॉलमध्ये उभी हयात घालवलेल्यांना सांगावं लागलं नाही की हा क्रिस्टलचा सूर. मुठीपासून एक चीर निघाली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि दार दोन तुकडे होऊन बसलं.

ब्लाझेना धावली नाही. खाली बसली, दोन्ही कान झाकून.

ओतकारनं टोपी काढली. "चोरलेला होता," तो म्हणाला. "मीच. व्लास्ताला हवा होता म्हणून."

इतकी वर्षं गावानं ह्या वाक्याची वाट पाहिली होती. आता कुणालाच ते नको होतं. माझा नवरा त्याला खुर्ची द्यायला उठला, तेही मला बघवलं नाही.

हॉलचं गोदाम झालं. ब्लाझेनाची भट्टी गेली. ओतकारचा पेला गेला आणि वर नावही गेलं. दोनदा किंमत मोजणारा तो एकटाच. प्रागवाल्यांचं काही गेलं नाही, त्यांनी चिरेचाही फोटो काढला. बाकी गावाची एकेक बरणी गेली. यंदा काकड्यांचं लोणचं सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यांत घातलंय.