घोड्याला दुसरं लग्न आहे

तुमच्या फोनमध्येही तो आवाज असेल. वरात मंडपाच्या दारात येऊन थांबली आहे, मित्र नाचताहेत, नवरदेव घोड्यावरून उतरायचं नाव घेत नाही, आणि माइकवरून एक माणूस अगदी शांतपणे म्हणतो, "नवरदेव, उतरा आता. घोड्याला दुसरं लग्न आहे." मग एक भोंगा वाजतो आणि कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसतं. भोंगा आणि हसू मागून चिकटवलेलं आहे. बोलणारा माणूस मात्र खरा आहे. ते माझे वडील, सर्जेराव, राहणार करमाड.

अण्णा शेतकरी. पण चितेगावपर्यंत लोक त्यांना ओळखायचे ते लग्नातल्या माइकमुळे. आमच्याकडे लग्नात माइक धरायला एक जाणता माणूस लागतोच. कोणते पाहुणे आले, कुणाचं लेकरू हरवलं, वाढपी कुठे गेले, मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं, हे सगळं त्यानं सांगायचं. अण्णा हे काम हौसेनं करायचे, एक रुपया घ्यायचे नाहीत. आई म्हणायची, "घरातलं मीठ संपलं ते ह्यांना ठाऊक नसतंय, पण तालुक्यातल्या समद्या मामांची नावं पाठ."

चितेगावच्या त्या लग्नात ऊन मी म्हणत होतं. घोडेवाल्यानं येऊन अण्णांच्या कानात सांगितलं की घोडं सकाळपासून उपाशी आहे आणि पुढे बिडकीनला दुसरी वरात आहे. अण्णांनी तेच माइकवरून सांगितलं. ते विनोद करायला गेलेच नव्हते. त्यांना त्या जनावराची दया आली होती. माझा चुलतभाऊ सुदर्शन मोबाइलवर शूटिंग करत होता. लोक हसले म्हणून त्यानं तेवढा तुकडा कापला आणि टाकून दिला सगळीकडे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रील झाले, रिंगटोन झाली. मजेदार आवाजांची एक वेबसाइट आहे, तिथे कुत्र्याचं भुंकणं आणि एका माणसाची ढेकर यांच्या मधोमध एक लाल बटण आलं, 'घोड्याला दुसरं लग्न'. दाबलं की अण्णा बोलतात. शेजारी डाउनलोडचा बाण. संभाजीनगरच्या ज्या बँकेत मी नोकरी करते तिथे माझी मैत्रीण मनस्विनी रोज संध्याकाळी काउंटर बंद करताना तो आवाज मोठ्यानं लावायची आणि सगळा स्टाफ बॅगा उचलायचा. मी कधी बोलले नाही की हे माझे वडील आहेत. मला त्या आवाजाचा संताप यायचा. ढेकरेच्या शेजारी माझा बाप का म्हणून बसवायचा? मी त्या वेबसाइटवर तक्रार केली. एका ठिकाणचं बटण गेलं आणि दुसऱ्या दहा ठिकाणी उगवलं.

अण्णांना मात्र राग आला नाही. "हसत्यात तर हसू दे की," ते म्हणाले. "कुणाचं तरी घोडं सुटंल लवकर."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेताचा रस्ता. एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला बोलावलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा. लोकांना ती गंमत वाटली. घरी आल्यावर आईनं त्यांचं माइक धरणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की सांगायची, "घसा बसलाय त्यांचा. डॉक्टरनी बोलायचं नाय म्हणून सांगितलंय." खरं सांगायची तिची तयारी नव्हती. माझं लग्न जमायचं होतं. सर्जेरावांच्या डोक्यात फरक पडलाय, असं एकदा गावात झालं की ते शब्द माणसाला मरेपर्यंत सोडत नाहीत, असं तिचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण तिच्याशी भांडून काय मिळणार होतं?

शहरातले डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळखीच्या गोष्टी दाखवत राहा, जुने आवाज ऐकवत राहा. मी कामाला लागले. अण्णा ज्या ज्या लग्नांत बोलले होते त्यांचे व्हिडिओ गोळा केले. प्रत्येकात अण्णा होते, माइक हातात धरून, ओठ हलवत. आवाज एकातही नव्हता. व्हिडिओवाले मंडपातला आवाज काढून टाकतात आणि वरून सिनेमाची गाणी घालतात. अण्णांच्या तोंडून सनई निघत होती, कुठे कुठे तर हिंदी गाणं. इतकी वर्षं माणूस बोलला आणि त्यातलं कुणी काही ठेवलं नाही.

शेवटी सुदर्शनला गाठलं. चितेगावचं पूर्ण शूटिंग तरी दे म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "फोन बदलला गं तनू, तवाच गेलं ते. जेवढं हसायचं व्हतं तेवढंच ऱ्हायलंय." मी त्याच्यावर फार चिडले. पण खरंच तेवढंच राहिलं होतं. मग ज्या लाल बटणावर मी तक्रार केली होती, तेच मी स्वतः दाबलं आणि माझ्या बापाचा आवाज कुत्रा आणि ढेकर यांच्या मधून माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला.

ओट्यावर बसून ऐकवला. अण्णा खूप हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. बऱ्याच दिवसांनी ते असे हसत होते, म्हणून आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"लई खरं बोलला गडी," ते म्हणाले. "कुठला म्हणायचा हा?"

"अहो, तुमीच की ते," आई म्हणाली.

त्यांचं हसू थांबलं. फोनकडे बघितलं, आईकडे बघितलं. "मी? मी कवा बोललो असं? कुणाच्या लग्नात बोललो? भर मांडवात नवरदेवाला बोललो व्हय? माफी मागाया पाहिजे." ते उठले आणि चपला शोधायला लागले. त्यांना परत बसवता बसवता आमच्या नाकी नऊ आले.

मी मनाची समजूत घातली की स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच ओळखू येत नाही. सुदर्शनकडून त्यातला भोंगा काढून घेतला, हसणंही काढलं. नुसता आवाज राहिला, स्वच्छ. पुन्हा ऐकवला. या वेळी मी काही सांगितलं नाही, फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अण्णा लक्ष देऊन ऐकत होते.

"चांगला माणूस दिसतोय," ते म्हणाले. बस, एवढंच. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन रडले. माणूस आपल्याला विसरेल याची मी तयारी केली होती. तो स्वतःलाच विसरेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझं लग्न वैजापूरच्या सत्यमशी ठरलं. सत्यमला मी सगळं सांगितलं होतं आणि त्यानं ते समजून घेतलं. पण आईनं मला शपथ घातली की त्याच्या घरच्या मोठ्यांना लग्न लागेपर्यंत काही कळू द्यायचं नाही. ते तर फोनवर विचारत होते, "घोड्यावाले व्याही माइक धरणार ना?" आईची एकच इच्छा होती. त्या एका दिवशी, सगळ्या सोयऱ्यांसमोर, ह्यांची शोभा होऊ नये. माझीही तीच होती. बाकी लग्न कसंही होऊ दे.

जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात ऐन मे महिन्यात आईनं अण्णांच्या गळ्याला मफलर गुंडाळला. घसा बसलाय ना. माइक सुदर्शनच्या हातात होता. अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं. सकाळी त्यांनी मला ओळखलं होतं, "तनू, च्या घेतला का?" म्हणून विचारलंही होतं. मी नवरीच्या खोलीत, खिडकीशी. मंडप सगळा दिसत होता.

वरात आली. सत्यमचे मित्र नाचायला लागले ते थांबेनात. डीजे वैजापूरहून आलेला, त्याला काय ठाऊक? त्याच्याकडे टाळ्या, शिट्ट्या, भोंगा, सगळ्यांची बटणं तयार होती. त्यातलं त्यानं एक दाबलं, आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून अण्णा बोलले, "नवरदेव, उतरा आता. घोड्याला दुसरं लग्न आहे." अख्खा मंडप हसला. अण्णाही हसले. सत्यम घाईघाईनं उतरला. मी खिडकीचा गज घट्ट धरला होता, तो सोडला. निभावलं, असं वाटलं.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ देतात, नवरीच्या बापाच्या हातून. सुदर्शन नावं घेत होता, अण्णा एकेकाला टोपी घालत होते. चुकले नाहीत कुठे. यादी संपली. सुदर्शन म्हणाला, "आता मुलीच्या मामांनी..." आणि अण्णांनी त्याचा हात धरला. माइक दोघांच्या मधे होता.

"थांब. एक मान ऱ्हायला."

"कुणाचा, काका?"

"मघाशी बोलला त्याचा. एवढ्या गर्दीत घोडं कुणाला दिसलं नाय, त्याला दिसलं. बोलवा त्याला."

लोक पोट धरून हसले. सर्जेराव स्वतःचीच गंमत करताहेत, असंच सगळ्यांना वाटलं. अण्णा हसले नाहीत. टोपी, टॉवेल आणि नारळ हातात घेऊन ते स्पीकरकडे बघत उभे राहिले. वाट बघत राहिले. हळूहळू हसणं विरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सर्जेराव, तुमीच की ओ त्ये." आईनं डोळे मिटून घेतले.

"मी नाय," अण्णा म्हणाले. "मी कुणाला काय बोललो? दुसऱ्याचा मान मी कसा घेऊ?"

मामी आणि मावशी मला धरत होत्या. मामानं हाताला धरून नेल्याशिवाय नवरी मंडपात दिसू नये अशी रीत आहे. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले. शालू, मुंडावळ्या, सगळ्यांच्या नजरा. अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू कोण, बाई?"

"ज्यांना तुम्ही बोलावताय ना, मी त्यांची मुलगी."

"व्हय? मग ते कुठंयत?"

"त्यांना लवकर निघावं लागलं."

"न जेवता गेले?" अण्णांना फार वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी स्पीकरकडे बघणं सोडलं होतं. त्यांनी टॉवेल आणि टोपी माझ्या हातात दिली, नारळ माझ्या पदरात घातला. माइक चालूच होता. सगळे सोयरे ऐकत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"हे त्यांना दे. म्हणावं, सर्जेरावनं दिलंय. माझ्या पोरीच्या लग्नाला आले, दोन शब्द बोलले, लई बरं वाटलं."

"सांगते," मी म्हणाले.

मग त्यांना माझ्या मुंडावळ्या दिसल्या असाव्यात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझंबी आजच हाय व्हय? सुखात ऱ्हा."

मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि नारळ पदरात धरून पुन्हा आत गेले, कारण अजून मामांना बोलावायचं होतं.