कंसातलं नाव

रुपचंद सरांनी प्रबंधाचं हस्तलिखित माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलं आणि वर चार वह्या टाकल्या. "झाडांची कोष्टकं यातून घ्या, बाई."

वह्या मी लगेच ओळखल्या. अक्षर माझ्या थोरल्या नणंदेचं, मंदाक्काचं. पिंपळनेरला बालवाडी सांभाळून ती तीन वर्षं पाड्यापाड्यांवर फिरली होती. कुठला पाला खोकल्यावर, कुठली साल मोडलेल्या हाडावर, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहीत गेली. "प्रबंधात तुमचं नाव येईल," या सरांच्या शब्दावर तिनं वह्या दिल्या होत्या. आता पुठ्ठ्यांवरचं तिचं नाव ब्लेडनं खरवडलेलं होतं. आभाराच्या पानावर सरांचे सासरे होते, जीपचा ड्रायव्हर होता. मंदाक्का नव्हती.

मी अकरावी नापास. इंग्रजी शिकले ते जळगावातल्या लोकांचे प्रबंध बडवून. सतरा प्रबंधांत एवढं कळलं होतं की 'पर्सनल कम्युनिकेशन' हे शब्द कुठे घालायचे. माहिती पुस्तकातली नाही, कुणी समक्ष सांगितलेली आहे, तर कंसात त्या माणसाचं नाव, पुढे हे दोन शब्द, मग तारीख. सरांनी प्रत्येक झाडापुढे हे शब्द लिहिले होते, आणि नाव स्वतःचंच. म्हणजे सरांनी सरांना सांगितलं!

"सर, हे चुकलंय. इथं सांगणाऱ्याचं नाव लागतं."

"मग करा की दुरुस्त! तुम्ही तर प्रबंधांच्या डॉक्टरीणबाई. सोमवारी पाच प्रती पाहिजेत."

केली दुरुस्त. वह्यांत तारखा होत्याच. एकशे त्रेसष्ट झाडं, एकशे त्रेसष्ट कंस, प्रत्येकात मंदाबाई उखर्डू सोनवणे. कार्बनच्या शेवटच्या प्रतीवरही नाव उठावं म्हणून तेवढं जोरात मारलं. सोमवारी सरांनी स्कूटर चालूच ठेवून पाचही प्रतींवर सह्या केल्या. एक पान उलटलं नाही.

तोंडी परीक्षा खुली असते. मंदाक्काला घेऊन मी शेवटच्या बाकावर बसले.

बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "सगळ्या झाडांची माहिती या मंदाबाईंनी सांगितली. मग तुम्ही काय केलंत?"

सर स्वतःचा प्रबंध पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे पानं उलटू लागले.

"आहेत कुठे या बाई?"

"मी आठेच शे," म्हणत मंदाक्का उभी राहिली. पदर खोचून, वर्गात उभी राहते तशी.

निकाल लागला तो असा: प्रबंध परत. माहिती कुणी गोळा केली त्याचं वेगळं प्रकरण लिहा, आणि प्रत्येक नोंदीवर बाईंची सही आणा. तोवर पदवी नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टायपिंगच्या दुकानात आले. "बाई, तुम्ही माझा गळा कापला."

"सर, दुरुस्त करा म्हणालात. केलं." मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

रविवारी धुळ्याला गाडी बदलून ते पिंपळनेरला पोचले. मी तिथंच होते. अक्कानं त्यांना उन्हातल्या ओट्यावर बसवलं, पाच झाडांच्या कागदांवर सावकाश सह्या केल्या आणि पेन मिटलं.

"बाकीना पुढला रविवारे, सर. हात दुखस मना."

पुढच्या रविवारी सर कागद पुढे करणार, तोच तिनं विचारलं, "मागली पाच झाडंसना नावं सांगा, सर."

सरांना तीनच आली.

त्या रविवारी सही झाली नाही.